मंगेशसाहेबांचा माणूस

निषादने फोन पाण्याच्या हंड्याला टेकवून उभा केला, पुन्हा उचलला, खाली एक चपटा दगड सरकवला आणि परत ठेवला. आता चौकटीत मोरू लोहार पुरता मावत होता. डोक्याला पांढरा रुमाल, अंगात धुवट सदरा, मागे पडवीच्या कोपऱ्यात ऐरण. ऐरणीवर सुपात मिरच्या वाळत टाकल्या होत्या. सूप चौकटीत येईल असं निषादने मुद्दाम पाहिलं.

“चालू झाला काय?” मोरूने विचारलं.

“झाला. तुम्ही सहज बोला, गप्पा मारल्यासारखं.”

“तसं नसतं. दर बारीला काय बोलायचं ते आदी सांगतात.” मोरूने रुमाल सारखा केला. “तुमी मंगेशसायबांचेच मानूस ना?”

निषादने पडद्याकडे पाहिलं. लाल ठिपका लुकलुकत होता.

“जरा उजेडात सरकता का?” तो म्हणाला.

मोरू सरकला. आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं त्याने धरलं, कारण त्याचे खांदे सैल झाले आणि पाय त्याने पुढे पसरले.

“ही पाती तुम्ही इथेच घडवता?” निषादने विचारलं.

मोरूने दाराकडे बघितलं. दारात त्याची बायको येसूबाई गालावर हात धरून उभी होती. दोघंही हसले.

“तुमाला माहीत नाय? घरच्या मानसाला काय सांगायचं?”

“तरी सांगा.”

“आता कुटं घडवतो! खांदा गेला माजा. घन उचलला तर खाली कुटं पडंल त्याचा नेम नाय. पाती पेटीतनं येतात. मी निस्ता घन धरून उबा ऱ्हातो. ते फोटू काढतात नि जातात.”

“पन फोटूच्या दिवशी आंगोळ करतो, तेवडं तरी हाय,” येसूबाई दारातून म्हणाली.

मोरू खळखळून हसला. पुढचे दात नसलेलं ते हसू निषादच्या फोनमध्ये स्पष्ट आलं.

मग चहा झाला. उमरठच्या वरच्या अंगाच्या या वाडीत दूध दुपारी मिळत नाही, म्हणून येसूबाई शेजारी जाऊन मागून आली. कपबशी देताना तिचा दुसरा हात गालावरच होता. निषादने सवयीने विचारलं, तिने तोंड उघडलं आणि त्याने फोनच्याच उजेडात आत पाहिलं. दाढ पार पोखरली होती.

“ही काढावी लागेल. महाडला या माझ्याकडे. चवदार तळ्यापाशी कुणालाही दातांचे डॉक्टर विचारा.”

“बगा,” मोरू कौतुकाने म्हणाला, “सायबांकडं दातांचे डाक्टर बी हायेत.”

याही वेळी निषाद नुसता हसला. निघताना मोरूने अंगणाच्या कडेपर्यंत येऊन त्याला वाट दाखवली. खरं तर वाट एकच होती.

*

निषादचा छंद दवाखान्यातच सुरू झाला होता. हत्यारांना धार लावून देणारा माणूस एकदा आठवडाभर उगवला नाही, तेव्हा त्याने दगड मागवून स्वतःच शिकून घेतलं. तासन्‌तास दुसऱ्यांच्या तोंडात वाकून राहिल्यावर संध्याकाळी ओल्या दगडावर पातं फिरवत बसणं त्याला बरं वाटायचं. पुढे सुऱ्या आल्या, चाकू आले, आणि मग ‘पातं-पोलाद’ हा ऑनलाइन ग्रुप सापडला. पुण्यापासून नागपूरपर्यंतची माणसं तिथे होती. कुणी कागदाच्या झिरमिळ्या कापून दाखवायचं, कुणी पोलादाच्या जातींवरून भांडायचं. महाडमध्ये या विषयावर त्याला बोलायला कुणी नव्हतं. ग्रुपवर त्याच्या शब्दाला किंमत होती.

‘रानधार’शी ग्रुपचं वैर जुनं होतं. पुण्याच्या मंगेश नावाच्या माणसाचं हे ऑनलाइन दुकान. ‘कुडपणच्या पठाराखाली, म्हाताऱ्या हातांनी, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवलेलं’ असं प्रत्येक सुरीच्या खोक्यावर लिहिलेलं आणि शेजारी घण धरलेल्या मोरूचा फोटो. सुऱ्या सगळ्या एकसारख्या, घासल्याचे ओरखडेसुद्धा एकाच दिशेचे. ग्रुपमधल्यांनी प्रश्न विचारले, तर मंगेशने कुणाला ब्लॉक केलं, कुणाला वकिलाची धमकी दिली. निषादने अगदी सभ्य शब्दांत विचारलं होतं. त्यावर सगळ्यांसमोर मंगेशने लिहिलं, ‘डॉक्टर, तुम्ही दात काढा. आम्ही पाती काढतो.’

त्या एका ओळीला शेकडो हसरे चेहरे आले होते. त्यात निषादच्या ग्रुपमधलेही काही होते.

वाडीतून आल्यावर त्या संध्याकाळी त्याने व्हिडिओ कापायला घेतला. सुरुवात ‘तुमी मंगेशसायबांचेच मानूस ना?’ इथून होत होती. तो प्रश्न त्याने दोनतीनदा ऐकला. मग बोटाने रेघ पुढे ओढली आणि ‘ही पाती तुम्ही इथेच घडवता?’ इथून सुरुवात केली. शेवट त्या बोळक्या हसण्यावर.

त्याची बायको ईरा शाळेच्या वह्या तपासत बसली होती. त्याने फोन तिच्यापुढे धरला. तिने पूर्ण बघितला.

“त्यांना माहीत होतं का, हे कशासाठी आहे?”

“कॅमेरा समोरच होता की.”

ईराने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि पुढची वही उघडली.

व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. निषादला एवढी शाबासकी दंतवैद्यक पास झाला तेव्हाही मिळाली नव्हती. ‘डॉक्टरांनी मुळासकट उपटलं,’ असं कुणीतरी लिहिलं आणि ते त्याने ईराला वाचून दाखवलं. कुणीतरी मोरूचं ‘मी निस्ता घन धरून उबा ऱ्हातो’ हे वाक्य ढोलकीच्या ठेक्यावर बसवलं. मग सुऱ्यांशी काही देणंघेणं नसलेले लोकही ते वाक्य वापरू लागले. ऑफिसात काम न करणाऱ्यांवर, घरात बसून खाणाऱ्या नवऱ्यांवर.

‘रानधार’चं निवेदन थोड्या दिवसांनी आलं. ‘ज्या कारागिरावर आम्ही विश्वास टाकला, त्याने आमचीही दिशाभूल केली. त्याच्याशी असलेले सर्व संबंध आम्ही तोडले आहेत.’

ग्रुपने याची टर उडवली. पण खाली काहींनी लिहिलं होतं, ‘थेरडाही काही कमी नाही.’ ‘हसतोय बघा कसा निर्लज्ज.’ निषादने उत्तर लिहायला घेतलं. तेवढ्यात पेशंट आला. पेशंट गेल्यावर त्याने अर्धवट उत्तर वाचलं आणि पुसून टाकलं.

*

शिमगा उलटल्यावर येसूबाई दवाखान्यात आली. बरोबर तिची नात होती, श्रुतिका, महाडला नर्सिंग शिकणारी.

“वळखलं काय?” येसूबाईने विचारलं. गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. “तुमी म्हनला होता ना, महाडला या.”

निषादने तिला खुर्चीत बसवलं. इंजेक्शन देताना त्याला आपला हात नेहमीसारखा स्थिर आहे याचं बरं वाटलं आणि लगेच ते बरं वाटणंच नकोसं झालं. दाढ निघाली. त्याने कापूस ठेवला आणि दात मिटून पडून राहायला सांगितलं.

श्रुतिका खुर्चीच्या पलीकडे उभी होती. आजीला बोलता येणार नाही याचीच जणू ती वाट बघत होती.

“तुम्ही रानधारमध्ये काय असता, डॉक्टर?”

“मी रानधारमध्ये नाही.”

“मग घरी आला होतात ते?”

निषादने हातमोजे काढले. एक मोजा उलटा झाला, तो त्याने बोटं घालून सुलटा केला आणि मग दोन्ही टाकून दिले.

“त्यांची लबाडी उघडी पाडायला,” तो म्हणाला. “मी दुसऱ्या बाजूचा.”

“आजोबांना तसं सांगितलंत?”

“नाही. त्यांनी विचारलं होतं. मी काही बोललो नाही.”

श्रुतिका चिडली नाही. ती चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

“होळीभोवती पोरं बोंब मारतात ना, यंदा सगळ्यांनी आजोबांचं तेच वाक्य धरलं. तालावर. आजोबा रिंगणातनं उठून घरी आले. दुसऱ्या दिवशी पालखी दारात आली, तरी आतच बसले. आज्जीनेच ओवाळलं. तेव्हापासून बाहेर पडत नाहीत.” ती थांबली. “पण त्यांचं दुःख ते नाहीये. ते रोज म्हणतात, साहेबांच्या माणसापुढे मी कशाला तोंड उघडलं? माझ्यापायी साहेब तोंडघशी पडले.”

येसूबाई छताकडे बघत होती. तिचे दोन्ही हात पोटावर जुळवलेले होते.

“मी येऊन त्यांना सांगतो,” निषाद म्हणाला.

“या. मी सांगितलं तर म्हणतील, पोरगी माझी बाजू घेतेय.”

त्याच दिवशी त्याने व्हिडिओ काढून टाकला. त्याचा उपयोग नव्हता, वाक्य केव्हाच दुसऱ्यांचं झालं होतं. ग्रुपवर त्याने लिहिलं की म्हाताऱ्याचा यात दोष नाही, आणि आपण त्याच्याशी सरळ वागलो नाही. एकाने विचारलं, ‘रानधारने काय दिलं, डॉक्टर?’ दुसऱ्याने लिहिलं, ‘मंगेशचा नवा माणूस.’ त्याला हसरे चेहरे येऊ लागले. निषादने फोन उपडा ठेवला.

*

रविवारी सकाळी तो पोलादपूरवरून वर निघाला. काय बोलायचं ते त्याने वाटेत मनाशी जुळवलं होतं. गाडी वाडीच्या खाली लावून चढताना त्याला ठोक्यांचा आवाज आला. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा.

पडवीतलं सूप हललं होतं. कोपऱ्यात निखारे फुलले होते आणि येसूबाई भाता ओढत होती. मोरूने दोन्ही हातांनी हातोडा धरला होता. ऐरणीवर लोखंडाची लालसर पट्टी होती, मधेच जाड, मधेच पातळ, टोकाला चिरलेली. निषादला पाहून त्याने हातोडा खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले.

“या सायेब. मला वाटलंच तुमी येनार. माजी चूक झाली. तुमी घरचे म्हनून बोललो, ते भायेर कसं गेलं देव जाने.” त्याला धाप लागली होती. “पन आता बगा. मी घडवतो. अजून नीट नाय झालं, पन घडवतो. तुमी परत काडा व्हिडिओ. सायबांची अब्रू तरी ऱ्हाईल.”

निषाद पडवीच्या पायरीवर उभा होता. जुळवून आणलेलं सगळं त्याच्या डोक्यातून गेलं.

“मी मंगेशचा माणूस नाही,” तो म्हणाला. “कधीच नव्हतो. आमचं त्यांच्याशी भांडण आहे. तुम्ही विचारलं तेव्हा मी मुद्दाम गप्प बसलो, कारण मला तुम्हाला बोलतं करायचं होतं. व्हिडिओ मीच टाकला. तुमचा प्रश्न त्यातून मीच कापला.”

भाता थांबला. मोरूने येसूबाईकडे पाहिलं. ती निखाऱ्यांकडे बघत होती.

मोरू हळूहळू खाली बसला. पट्टी ऐरणीवर काळी पडत गेली. शेजारच्या परड्यातून चांगूची पोरं डोकावून गेली. मग मोरू म्हणाला,

“म्हंजे मी सायबांचा घात नाय केला.”

“नाही.”

“मला फशिवलं.”

“हो.”

“मग ह्ये सायबांना कळायला होवं.” त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. “तुमी सांगा त्यांना. आत्ता सांगा. म्हनावं, मोरूने बेइमानी नाय केली, मोरूला फशिवला. त्ये माजा फोन उचलत नायत.”

निषादने कुठल्याही शिव्या सोसायची तयारी ठेवली होती. याची ठेवली नव्हती. त्याने खिशातून फोन काढला.

“हितं रेंज नाय. त्या फणसाखाली जा,” मोरू म्हणाला. “येसू, त्यांना दाखव.”

फणस अंगणाच्या पलीकडे, बांधावर होता. येसूबाई पुढे चालली आणि झाडापाशी जाऊन थांबली. निषादने ‘रानधार’चा नंबर लावला. मंगेशनेच उचलला. त्याचा आवाज मोठा होता. एवढ्या शांततेत तो फोनबाहेर सांडत होता.

“अरे, डॉक्टर! बोला. तुमचे आभारच मानायचे होते. तुमच्या त्या व्हिडिओने दुकानाचं नाव घरोघरी पोचलं.”

“मी मोरूबाबांबद्दल फोन केलाय,” निषाद म्हणाला. “त्यांचा दोष नव्हता. मी तुमचा माणूस आहे असं त्यांना वाटलं, म्हणून ते बोलले.”

“कोण मोरू? हां, तो आजोबा. अहो, दोष कसला, धंदा आहे. आता भोरच्या बाजूचे एक आजोबा घेतलेत आम्ही. दाढीबिढी, काय चेहरा आहे! तुम्हीपण मानाल.”

“त्यांच्याशी एक शब्द बोलाल? फक्त रागावलो नाही, एवढंच म्हणा. मी फोन नेऊन देतो.”

“मीटिंगमध्ये आहे हो. तुम्हीच सांगा ना काहीतरी. तुम्हाला जमेल.”

फोन बंद झाला. येसूबाई फणसाच्या खोडाला हात लावून उभी होती. काल-परवापर्यंत सुजलेला तिचा गाल आता बसला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पदर खोचला आणि घराकडे वळली.

मोरू पडवीच्या कडेपर्यंत येऊन थांबला होता.

“काय म्हनले?”

खरं बोलायला म्हणून निषाद एवढा डोंगर चढून आला होता. म्हाताऱ्याच्या हाताला काळं लागलं होतं आणि तो हात त्याने सदऱ्याला पुसला होता.

“रागावले नाहीत,” निषाद म्हणाला. “उलट त्यांनाच वाईट वाटलं. म्हणाले, मोरूबाबांना सांगा, तुमच्यावर माझा विश्वास होता तसाच आहे.”

“आसं म्हनले?”

“हो. तब्येतीला जपा म्हणाले. आता खांद्याला ताण देऊ नका म्हणाले.”

“येतो म्हनले?”

“येतो म्हणाले. सवड मिळाली की.”

मोरूने डोळे पुसले. मग त्याने रुमाल डोक्याला नीट बांधला आणि पडवी उतरला. चांगूच्या परड्याच्या कुंपणाशी जाऊन त्याने मोठ्याने हाक मारली,

“चांगू, ए चांगू! भायेर ये. मंगेशसायबांचा निरोप आलाय. सायेब सोता येनार हायेत!”

चांगू बाहेर आला, त्याची बायको आली, पोरं आली. मोरू हातवारे करून सांगू लागला. मधे त्याने निषादकडे बोट केलं आणि सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. निषादने मान हलवली.

तो निघाला तेव्हा येसूबाई गाडीपर्यंत खाली आली. येताना तिने फडक्यात बांधून तांदूळ आणले होते. ते त्याच्या हातात न देता तिने गाडीच्या सीटवर ठेवले.

“हे कशाला?” निषाद म्हणाला.

“दाढेचं. आता दुखत नाय.”

वरून मोरूचा आवाज ऐकू येत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज मोकळा होता. येसूबाईने तिकडे कान दिला.

“मला ऐकू आलं सगळं, फणसाखाली,” ती म्हणाली. “आता रोज वाटेकडं बघत बसंल तो.”

निषादने गाडीचं दार धरून ठेवलं.

“तुमी खोटं बरं बोलता, डाक्टर.”

हे तिने मान दिल्यासारखं म्हटलं की थुंकल्यासारखं, ते त्याला कळलं नाही. विचारायला त्याने मान वर केली, तोवर ती पाठमोरी होऊन चढण चढू लागली होती, गुडघ्यांवर हात ठेवत, एकेक पायरी.